दार असलेली खोली

घर पाहावं बांधून, अशी म्हण आहे. वहिनीच्या नवऱ्याने त्यातलं 'बांधून' कधीच काढून टाकलं होतं. उरलं नुसतं 'घर पाहावं', आणि ते तो दर रविवारी न चुकता पाहायचा.

वहिनी म्हणजे कोणाचीच सख्खी वहिनी नव्हे. दूधवाला, वाणी, वरच्या मजल्यावरचे लोक, सगळेच तिला वहिनी म्हणायचे, तेव्हा आपणही तेच म्हणू. नवऱ्याचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभर तो लोकांना खुर्चीत बसवून "आता नीट दिसतंय, की आधी नीट दिसत होतं?" असं विचारायचा, आणि रविवारी स्वतःचे डोळे निववायला बाहेर पडायचा. नव्या धाटणीची, देखणी, विकायला काढलेली घरं बघायला. आपल्या ऐपतीचा आणि त्या घरांचा काही संबंध नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचं म्हणणं असं, की बघायला काय जातं?

"माझा रविवार जातो," वहिनी म्हणायची. पण पालथ्या घड्यावर पाणी. बरं, एकट्याने जाईल तर शपथ. एकटा माणूस घर बघायला आला की तो गिऱ्हाईक वाटत नाही म्हणे, जोडपं असलं की वाटतं. म्हणून वहिनीने चांगले कपडे घालायचे, पर्स घ्यायची आणि श्रीमंत चेहरा करून मागे मागे हिंडायचं. श्रीमंत चेहरा कसा करतात हे तिला कधी जमलं नाही. पाय दुखत असल्यामुळे तो आपोआप तुसडा व्हायचा, आणि किल्लीवाल्याला तो श्रीमंतच वाटायचा.

किल्लीवाला म्हणजे घरं दाखवणारा दलाल. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की तो जिना चढू लागला तर खालच्या माणसाला कळावं. त्याच्यासोबत वहिनीने काय काय पाहिलं नाही! एका घराच्या भिंतींना गिलावाच नव्हता. नुसतं करडं काँक्रीट, त्यावर फळ्यांच्या रेघा उमटलेल्या.

"गवंडी पळून गेला का?" तिने विचारलं.

"मुद्दाम ठेवलंय तसं, वहिनी," किल्लीवाला म्हणाला. "सध्या हेच चालतं."

तोवर नवरा त्या भिंतीवर तळहात ठेवून उभा होता. "वा!" तो म्हणाला. "अगं, बघ तरी. लाकूड निघून गेलं, पण त्याच्या शिरा राहिल्यात. या भिंतीला आठवण आहे." बोलताना त्याचा आवाज असा काही हलका व्हायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, इतके दिवस आपण भिंती बघत होतो की झोपा काढत होतो? वहिनीला वाटायचं, हाच माणूस घरातल्या पोपडे आलेल्या भिंतीसमोर रोज दात घासतो, तिला कशी नाही आठवण?

दुसऱ्या घरात स्वयंपाकघर बघायला गेले, तर तिथे स्वयंपाकघरच सापडेना. एक लांबलचक काळा ओटा, त्यामागे गुळगुळीत भिंत. भिंतीला इथे हात लावला की कपाट उघडायचं, तिथे लावला की फ्रिज. एकाही दाराला मूठ नाही. म्हणजे चिमूटभर मीठ हवं असेल तर आंधळ्या कोशिंबिरीसारखी अख्खी भिंत चाचपायची. नवरा मात्र त्या ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "एकही रेघ जास्तीची नाही." तिसऱ्या घरात निजायच्या खोलीत काचेचं न्हाणीघर होतं. नुसती काच, पडदासुद्धा नाही. सासूबाईंना सोबत आणलं नव्हतं ते किती बरं झालं, असं वहिनीला वाटलं. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं वरच्या पट्टीत. मनातला प्रश्न त्यांनी अख्ख्या रस्त्याला विचारला असता.

पण वहिनीचा खरा राग त्या काचेवर नव्हता, काँक्रीटवरही नव्हता. तिचा राग होता दारांवर. म्हणजे नसलेल्या दारांवर. या सगळ्या महागड्या घरांमध्ये बैठक संपून स्वयंपाकघर कुठे सुरू होतं आणि ते संपून अभ्यासाची जागा कुठे, काही कळायचं नाही. किल्लीवाला हात पसरून "मोकळं, वहिनी, सलग!" असं म्हणाला की तिच्या डोक्यात तिडीक जायची. मोकळं आणि सलग तर तिच्या घरीही होतं. दोन खोल्या, मध्ये दाराच्या जागी पडदा.

ती घरी बसून मुद्रितं तपासायची. शाळेच्या पुस्तकांची, कधी एखाद्या कादंबरीची. जेवणाच्याच टेबलावर कागद पसरून. समोर सासूबाईंचा टीव्ही, तोही त्यांना ऐकू येईल एवढा, म्हणजे रस्त्यापलीकडच्या शिंप्याला मालिका न बघता समजायची. भूगोलाच्या पुस्तकात नदीचं नाव चुकलंय की काय ते बघावं, तर मालिकेतली थोरली जाऊ किंचाळायची. लहानपणी भावंडांची पलटण होती, तेव्हाही हेच. अख्ख्या आयुष्यात एका दाराआड, एकटीने, स्वतःचं काम करत ती कधी बसली नव्हती. न्हाणीघर सोडलं तर. आणि तिथेही बाहेरून कोणी ना कोणी "झालं का?" असं विचारायचंच.

आता किल्लीवाला यांना दर रविवारी इतक्या अगत्याने का बोलावतो, हा प्रश्न वहिनीला बरेच दिवस पडला होता. एकही घर न घेणाऱ्या माणसाला कोणता दलाल फोन करून बोलावतो? त्याचं उत्तर तिला त्या काचेच्या न्हाणीघराच्या घरीच मिळालं. तिथे आणखी एक जोडपं आलेलं होतं, खरंखुरं गिऱ्हाईक. सुरुवातीला ते तोंड वाकडं करून हिंडत होते. मग वहिनीच्या नवऱ्याने खिडकीपाशी उभं राहून, पश्चिमेचं ऊन संध्याकाळी या फरशीवरून कसं सरकत जाईल आणि शेवटी नेमकं त्या कोपऱ्यात कसं विसावेल, ते सांगितलं. ते जोडपं त्या कोपऱ्याकडे बघत राहिलं. तेव्हा तर दुपार होती, कोपऱ्यात काहीच नव्हतं. पण पुढच्याच आठवड्यात ते घर विकलं गेलं.

"दादांचा पायगुणच असा आहे, वहिनी," किल्लीवाला खुशीत म्हणाला. "दादांनी वा म्हटलं आणि घर राहिलं, असं एकदाही झालं नाही. आमच्या ऑफिसात त्यांना वावा म्हणतात. खरं गिऱ्हाईक यायचं असलं की मी त्याच वेळी तुम्हाला बोलावतो."

म्हणजे पायगुण कसला, तोंडगुण! वहिनीने कपाळाला हात लावला. इतके रविवार तिने पाय मोडून घेतले ते दुसऱ्यांची घरं विकून द्यायला! नवऱ्याला सांगितलं तर तो रागावायच्या ऐवजी लाजला. "खरंच? माझ्यामुळे?" असं म्हणून दिवसभर शीळ घालत होता.

इथवर हा सगळा त्रास म्हणजे नुसता त्रासच होता. पण मग घरमालकाने निरोप धाडला, की मुलाचं लग्न ठरलंय, खोल्या रिकाम्या करा. आता घर बघणं हा खेळ राहिला नाही. आणि नवऱ्याचं सुरू झालं, "आता तर रीतसर बघू या!" याआधी काय बेरीतसर बघत होता कोण जाणे.

आवाक्यातलं घर म्हटल्यावर किल्लीवाल्याचा चेहरा जरा उतरला. मग त्याने जुडग्यातून एक लहानशी किल्ली काढली. "एक आहे," तो म्हणाला. "पण ते कोणालाच आवडत नाही."

दोन रस्ते जिथे मिळतात तिथे उरलेल्या तिकोनी तुकड्यावर ते घर बांधलं होतं. समोरून बघावं तर दोन खिडक्यांएवढं अरुंद, आणि मागे मागे रुंद होत गेलेलं. काळसर विटांचं. कोणा तरुण वास्तुरचनाकाराने आपल्या बायकोसाठी बांधलेलं, ती व्हायोलिन वाजवायची. आता दोघं परदेशी निघाले होते. आत जिन्यावर छताला एक लांब काचेची पट्टी होती, तिच्यातून उजेड पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरायचा. बैठकीत खिडकी वर नव्हतीच, जमिनीलगत होती. उभ्याने काही दिसत नसे, बसलं की मागची छोटी बाग थेट समोर. नवरा ताबडतोब जमिनीवर बसला आणि म्हणाला, "वा." तो वा नेहमीसारखा नव्हता. अगदी बारीक होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

वहिनी तोवर अर्धा जिना चढून गेली होती. तिथे मधल्या टप्प्यावर एक खोली होती. लहान. एक टेबल, एक खुर्ची आणि एक कपाट मावेल एवढी. एकच उंच खिडकी, आणि दार. खरं, जाड, लाकडी, पितळी कडी असलेलं दार. तिने आत जाऊन ते लावलं, आणि जग बंद झालं. खाली किल्लीवाला बोलत होता, जुडगा खुळखुळत होता, रस्त्यावर गाड्या होत्या, त्यातलं काहीही आत आलं नाही. भिंती दुहेरी होत्या, व्हायोलिनसाठी. वहिनी खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. हा असा आवाज करतो होय, असं तिला वाटलं.

ती खाली आली ती ठरवूनच. "हेच घर," ती नवऱ्याला म्हणाली. "मला ती खोली हवी."

बाकी कोणी असता तर तिथल्या तिथे हो म्हणून मोकळा झाला असता. पण नवरा म्हणाला, "आईला एकदा दाखवू या ना. जिना आहे मध्ये. रविवारी घेऊन येऊ, आणि तिथेच हो म्हणू." यात न पटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून वहिनीला जास्तच चीड आली. किल्लीवाला म्हणाला, "अगदी या. रविवारी अजून एक जोडपं यायचंय, त्याच वेळी या, मला दोन फेऱ्या नकोत. आणि आपला नियम तुम्हाला माहीत आहे. मालकाने मला अधिकार दिलाय, जो आधी हो म्हणून हात देईल त्याचं घर. मग कोणी कितीही रडलं तरी मी शब्द फिरवत नाही."

जोडपं! म्हणजे खरं गिऱ्हाईक, आणि शेजारी नवऱ्याचं तोंड.

आठवडाभर तिने नवऱ्याला पढवलं. "हे बघा, तुमच्या तोंडातून एक शब्द आला तर ते घर गेलं. उजेडाबद्दल नाही, खिडकीबद्दल नाही, विटांबद्दल नाही. वा नाही. अरे वा नाही. अहाहा नाही. मान डोलवायची नाही. मी हो म्हणेन, मी हात देईन. तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून उभे राहायचं."

"पण कोणी काही विचारलं तर?"

"तरी नाही."

"किल्लीवाल्याने विचारलं तर?"

"त्याने विचारलं तर मुळीच नाही! तोच तर तुम्हाला बोलतं करतो. माझी शपथ आहे."

नवऱ्याने शपथ घेतली. बिचाऱ्याचा चेहरा असा झाला, जणू त्याला चष्मा काढून रस्ता ओलांडायला सांगितलाय. रविवारी निघताना त्याने खबरदारी म्हणून खोकल्याची एक मोठी गोळी तोंडात टाकली.

ते जोडपं यांच्याआधीच पोचलं होतं. तरुण होते दोघं. तो उंच, नव्या बुटांचा, हातात फोन, येताक्षणी भिंती मोजायला लागलेला. ती त्याच्या मागे मागे, दमलेल्या पायांनी, तुसडा चेहरा करून. वहिनीने तो चेहरा लगेच ओळखला. असा चेहरा ती आरशात दर रविवारी बघत होती.

सासूबाई आत आल्या आणि जमिनीलगतच्या खिडकीसमोर किल्लीवाल्याने ठेवलेल्या खुर्चीत बसल्या. बागेत एक मांजर होतं. "अगं बाई, मांजर!" असं त्या ओरडल्या आणि मग बघतच राहिल्या. टीव्हीसमोर बसतात तशाच. "हे चांगलंय," त्यांनी सगळ्या खोलीला जाहीर केलं. "मी इथेच बसणार. मला जिना कशाला लागतोय?" म्हणजे तोही प्रश्न मिटला. वहिनीने हात पुढे करायलाही घेतला, पण किल्लीवाला नेमका त्या तरुणाला जिन्याची काच कशी पुसायची ते समजावत होता.

नवरा जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. वरून उजेड पायऱ्यांवर उतरत होता, आणि एका पायरीवर काचेच्या कडेतून सप्तरंगी कवडसा पडला होता. नवऱ्याने तो पाहिला. तोंडातली गोळी या गालातून त्या गालात गेली. हाताच्या मुठी वळल्या. मान डोलणार एवढ्यात त्याने ती हनुवटी धरून थांबवली. वहिनीला क्षणभर त्याची कीव आली, पण क्षणभरच.

आणि तरुणाला घर मुळीच आवडलं नव्हतं, हे ऐकून तिला किती बरं वाटलं! "तिकोनी आहे," तो म्हणत होता. "सोफा कुठे ठेवायचा? खिडकी जमिनीला चिकटलेली. समोरून तर घर दिसतच नाही." म्हण बाबा, म्हण, वहिनी मनात म्हणाली. अजून नावं ठेव. सगळे अर्धा जिना चढून त्या खोलीपाशी आले, तेव्हा तर तो हसलाच.

"ही काय अडगळीची खोली? दार काढून टाकायचं, ही भिंत पाडायची. सलग होईल. मोकळं."

आता इथे गप्प बसायचं होतं. तोंडात गोळी ठेवायची गरज खरं तर वहिनीला होती. घर हातात आल्यासारखं होतं, तरुण पाठ फिरवून निघालाच होता. पण मोकळं आणि सलग हे दोन शब्द कानावर पडले, आणि इतक्या रविवारांची तिडीक एकदम तिच्या तोंडात आली.

"दार काढणार?" ती म्हणाली. "काय काढणार? अहो, या अख्ख्या शहरात नवीन घर बांधणाऱ्याला दाराची लाज वाटायला लागलीय, आणि एका शहाण्याने बांधलं तर तुम्ही ते काढणार? कळतंय का हे काय आहे ते?"

"दार आहे," तरुण म्हणाला.

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही इथे उभे राहा." तिने त्या तरुण बायकोचा हात धरला. का धरला, कोण जाणे. "तू ये गं माझ्याबरोबर." तिला आत घेतलं आणि दार लावलं.

जग बंद झालं.

दोघी उभ्या राहिल्या. त्या मुलीने आधी कानाला हात लावून पाहिला, काही बिघडलं की काय म्हणून. मग तिचे खांदे खाली आले.

"किती शांत आहे," ती म्हणाली.

वहिनीने थांबायला हवं होतं. पण नवऱ्याच्या मागे मागे हिंडून तिलाही तो गुण लागला होता, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "या खिडकीतून फक्त आभाळ दिसतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मुद्दाम उंच ठेवलीय. म्हणजे बाहेर कोणाला काय हवंय ते दिसत नाही. इथे टेबल लावायचं, असं, भिंतीकडे तोंड करून. सकाळी ऊन पाठीवर येईल. कडी हातात घेऊन बघ. थंड आहे ना? आणि जड. ही कडी लावली की आपण कोणाची बायको नाही, कोणाची सून नाही. आपण आपलं काम करतोय. बाहेर काय जळायचं ते जळू दे."

मुलीने कडीवर हात ठेवला. "मी परीक्षेचा अभ्यास करते," ती म्हणाली. "जिन्यात बसून. घरात जागाच नाही. यांच्या घरात सगळे सारखे बोलतच असतात."

"जिन्यात?" वहिनीला खरंच वाईट वाटलं. "अगं, जिन्यात उजेड तरी असतो का?"

आता दाराच्या त्या बाजूला काय चाललं होतं, ते वहिनीला नंतर कळलं. तरुण खाली उतरून फोनवर कोणाला तरी "छे, बकवास" असं सांगत होता. किल्लीवाला नवऱ्यापाशी आला. "दादा," तो म्हणाला, "त्यांना काही आवडलेलं दिसत नाही. तुमचं ठरलंय ना? हो म्हणा, हात द्या, आत्ता संपवून टाकू."

नवऱ्याने दाराकडे बोट दाखवलं.

"वहिनींना कशाला? तुम्ही हो म्हणा ना!"

नवऱ्याच्या तोंडात गोळी, डोक्यावर शपथ. किल्लीवाल्याने विचारलं तर मुळीच नाही, हे त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. त्याने दार ठोठावलं. पण ते दार काय साधंसुधं होतं? आतून काही उत्तर नाही. त्याने तळहाताने थापा मारल्या. आत दोघी सकाळच्या उन्हाबद्दल बोलत होत्या, त्यांना थाप म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कडी आतून लावलेली. खालून सासूबाई विचारत होत्या, "घेतलं का रे? अरे, घेतलं का?" नवरा घामाघूम झाला, पण त्याने शपथ मोडली नाही.

मग दार उघडलं. आधी ती मुलगी बाहेर आली. आत गेली होती तेव्हाचा तुसडा चेहरा आता नव्हता. ती सरळ किल्लीवाल्यापाशी गेली.

"आम्ही घेतोय," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

"अगं, पण..." तरुण फोन कानाला धरून पायऱ्या चढत आला.

"सोफा नको मला," ती म्हणाली. "हे दार हवंय."

किल्लीवाल्याने वहिनीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि हात मिळवला. नियम त्याचाच होता. वहिनी आता काय बोलणार? जे बोलायचं होतं ते सगळं ती आत बोलून बसली होती. जाताना मुलगी तिच्यापाशी आली, तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही नसतात तर मला हे कळलंच नसतं." यावर माणसाने हसावं की डोकं आपटून घ्यावं?

रिक्षात कोणी बोललं नाही. म्हणजे सासूबाई बोलत होत्या. "मग कधी जायचं राहायला? ते मांजर त्यांचं आहे का घराचं?" नवरा गप्प. गोळी कधीच विरघळून गेली होती, तरी गप्प.

"आता तरी बोला!" वहिनी ओरडली.

"शपथ सुटली का?" त्याने भीत भीत विचारलं.

"सुटली! अहो, हो म्हणायचं होतं तेव्हा दातखीळ बसली, आणि एरवी..."

"तू म्हणाली होतीस, किल्लीवाल्याने विचारलं तर मुळीच नाही."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच असह्य होतं. वहिनीला राग कोणावर काढावा ते कळेना. नवऱ्यावर काढावा तर त्याने तिचा शब्द पहिल्यांदाच पाळला होता. त्या मुलीवर काढावा तर तिला आठवलं की पोर जिन्यात बसते. स्वतःवर काढला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. खोली गेली होती. हातातोंडाशी आलेली, स्वतःच्याच तोंडाने घालवलेली. आता महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या आणि पुन्हा कुठल्या तरी पडद्याआड जायचं.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्याचा फोन आला. "वहिनी, रागावू नका. तुमच्याजोगं काहीतरी शोधतोच मी. तोवर येत्या रविवारी एक घर आहे, गिऱ्हाईक फार चिकट आहे. दादांना नाही आणलं तरी चालेल. तुम्ही मात्र या."

वहिनीने फोन आपटला. मग उचलून पुन्हा लावला. "त्या घराला दारं आहेत का, ते आधी सांग," ती म्हणाली, आणि उत्तर न ऐकता पुन्हा आपटला.

नवरा हे सगळं पडद्याआडून ऐकत होता. तो बाहेर आला, टीव्ही बंद केला, आईला चपला घालायला दिल्या. "चल आई, फिरून येऊ," तो म्हणाला. "आत्ता? माझी मालिका!" सासूबाई ओरडल्या. त्याने त्यांना कसंबसं बाहेर काढलं, जाताना वहिनीकडे पाहिलं, आणि बाहेरचं दार ओढून घेतलं. बेताने, चष्म्याच्या चौकटीत काच बसवतो तेवढ्या हळू.

वहिनी टेबलाशी बसली. समोर भूगोलाची पानं. घरात कोणी नव्हतं. दार बंद होतं. तिने पेन उचललं, आणि तेव्हा तिला कळलं की हे सगळं तिच्यासाठी आहे, आणि ती पुन्हा रडली, आणि रडताना तिला त्या माणसाचा संतापही आला, की हे त्याला इतक्या वर्षांत आजच कसं सुचलं.

पण हे दार काही ते दार नव्हतं. पातळ फळीचं, खालून बोटभर फट. रस्ता आत येत होता, शिंप्याचं मशीन येत होतं. आणि मग अंगणातून, समोरच्या नव्या इमारतीचा सज्जा बघून असावं, तो ओळखीचा आवाज आला.

"वा!"

"काय म्हणालास?" सासूबाई.

"वा म्हणालो, आई! तो कठडा बघ, उजेड कसा..."

"अहो!" वहिनी आतून ओरडली. "मी दार लावलंय!"



"ऐकू आलं," नवरा दाराजवळ येऊन म्हणाला. "आम्ही लांब जातो."